आधी भुई, मग बोगदा

ज्या कामाचा परिणाम सर्वांनी भोगावयाचा त्या कामाचे ज्ञान मात्र थोड्यांनीच बाळगावयाचे, ही राज्यकारभारातील रीत पुष्कळ जुनी आहे. आणि ती मोडून काढण्यातच लोकसत्तेचे निम्मे सार्थक आहे, असे आम्ही समजतो. हल्ली या रीतीने एका नव्या ठिकाणी मूळ धरले आहे. ते ठिकाण म्हणजे जमिनीचे पोट. मुंबई शहराखालून मोटारींचे रस्ते नेण्याचा उद्योग सुरू होऊन आता काही वर्षे लोटली. मलबार टेकडीखालचा पहिला जोडबोगदा २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. गोरेगाव–मुलुंड व ठाणे–बोरिवली या दोन रस्त्यांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून बोगदे नेण्याच्या कामाचे भूमिपूजन त्याच वर्षीच्या जुलैत झाले. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जाणाऱ्या बोगद्याचे यंत्र २०२५ च्या डिसेंबरात चालू करण्यात आले. या प्रत्येक प्रसंगी भाषणे झाली. यंत्राच्या चक्राचा व्यास सांगण्यात आला. प्रवाशाची किती मिनिटे वाचणार याचा हिशेब ऐकविण्यात आला. परंतु ज्या भुईतून हे सारे जावयाचे, ती कशी आहे, कोठे कठीण व कोठे पोकळ आहे, तिच्यात पाणी किती आहे, आणि ती दगा देईल तर भुर्दंड कोणाच्या माथी बसावयाचा, यांविषयी व्यासपीठावरून कोणी चार वाक्ये बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. शहराखालचा बोगदा हे यंत्राचे काम खरे. पण त्याच्याही आधी ते भुईच्या ज्ञानाचे काम आहे. ती भुई सार्वजनिक आहे. म्हणून तिचे ज्ञानही सार्वजनिक असले पाहिजे, आणि तिच्या लहरीचा धोका तिच्या मालकाने, म्हणजे सरकारने, उघडपणे आपल्या शिरावर घेतला पाहिजे. या दोन गोष्टी झाल्यावाचून उद्घाटनाची तारीख जाहीर करणे हा लोकांच्या भोळेपणावर चालविलेला व्यापार होय.

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात, बीड–परळी आणि माजलगाव–धारूर या दोन वाटा जेथे एकमेकींस छेदतात, त्या तेलगावासारख्या गावाहून मुंबईच्या बोगद्यांची उठाठेव कोणी कशासाठी करावी, असा प्रश्न एखादा चतुर गृहस्थ विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, पैसा महापालिकेचा असो की सरकारी प्राधिकरणाचा असो, तो अखेर सार्वजनिकच असतो. आणि सार्वजनिक पैशाच्या कामावर बोलण्यास मनुष्य मोटारीत बसणाराच असला पाहिजे असे नाही. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. खडक एक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचाच तेलगावच्या विहिरींचा काळा पाषाण झाला आणि त्याचीच मुंबईची टेकडी झाली. तेलगावाहून धारूरकडे बालाघाटाची चढण चढताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांत त्या थरांची रचना कोणासही दिसते. तेव्हा या खडकाशी व्यवहार कसा करावा, याविषयी जे शहाणपण आमच्या विहिरींच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या साठले आहे, ते केवळ धोतर-पटक्यातले म्हणून शहरवासीयांनी तुच्छ मानू नये.

ते शहाणपण तीन कलमांचे आहे. पहिले कलम असे की, काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या, मांजऱ्याखाली काळा पाषाण, हा क्रम सर्वांस ठाऊक असला तरी कोणता थर किती परसांवर लागेल आणि पाणी कोणत्या सांध्यात असेल, हे शंभर पावलांवरच्या शेजारच्या विहिरीवरूनही खात्रीने सांगता येत नाही. दुसरे कलम असे की, भुई ज्याची तिचा धोकाही त्याचा. मुरमाचा दर वेगळा आणि काळ्या पाषाणाचा वेगळा, हे खणणारा व खणविणारा दोघेही आधी बोलून ठेवतात; बोअर घ्यावयाची तर फुटाप्रमाणे पैसे मोजावयाचे, केसिंग पाइपाचे निराळे, आणि बोअर कोरडी गेली तरी यंत्रवाल्याचे दाम चुकवावयाचे. कोरड्या बोअरीने घर बसलेला शेतकरी नशिबास बोल लावतो, दैवास शिव्या देतो. पण यंत्रवाल्याने पाण्याची हमी घ्यावी, असे तो म्हणत नाही. कारण असे म्हटल्यास यंत्रवाला एकतर तिप्पट दर सांगेल, नाहीतर खोटे बोलेल, हे त्यास कळते. आणि तिसरे कलम असे की, विहीर झाकून खणीत नाहीत. वाटेने जाणारा कोणीही काठावर उभा राहून कोणत्या खोलीवर कोणता थर लागला ते पाहतो. एकाचा पैसा गेला तरी त्याचे ज्ञान साऱ्या शिवाराचे होते.

आता मुंबईच्या भुईकडे वळू. ती आमच्या भुईहूनही अवघड आहे. आमच्याकडे लाव्हाचे थर बहुधा एकावर एक नीट बसलेले असतात. मुंबईस ज्वालामुखी आणि पाणी यांचा खेळ एकाच जागी चालला. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तेथे उथळ तळी व दलदली होत्या. त्यांचा गाळ पुढच्या लाव्हाखाली दबून त्याचा मऊ, पापुद्रे सुटणारा शेल झाला. वरळीच्या टेकडीतील अशाच एका थरात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले आणि रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बेडकाचे नाजूक हाड ज्या गाळात टिकून राहिले, तो गाळ किती मऊ असला पाहिजे याची कल्पना वाचकांनी करावी. आणि त्याच्या वर व खाली लोखंडासारखा कठीण बेसाल्ट आहे, हेही ध्यानात घ्यावे. यांखेरीज राखेचा घट्ट झालेला टफ आहे, फुटक्या दगडांचा सांधलेला ब्रेशिया आहे. आणि जेथे सात बेटांमधल्या खाड्या बुजवून शहर वसविले तेथे भरावाची माती व समुद्राचा चिखल आहे. मलबार टेकडीखालच्या बोगद्याला यांपैकी ब्रेशिया, शेल, टफ आणि बेसाल्ट हे चारही भेटले. कठीण खडकातून बोगदा खणणे सोपे आहे, मऊ मातीतूनही खणता येतो; परंतु ज्या ठिकाणी यंत्राच्या चक्राचा वरचा अर्धा भाग मऊ थरात आणि खालचा कठीण थरात असतो, त्या ठिकाणी यंत्र एकीकडे कलते, दाते फुटतात आणि वरची भुई खाली येऊ पाहते. मुंबईची अडचण ही आहे.

या अडचणीतून पहिला बोगदा पार पडला, त्याचे श्रेय आम्ही मुळीच नाकारीत नाही. १२.१९ मीटर व्यासाचे ते यंत्र प्रियदर्शिनी उद्यानाकडून २०२१ च्या जानेवारीत निघाले आणि बरोबर एका वर्षाने गिरगाव चौपाटीस बाहेर पडले. परतीचा दुसरा बोगदा २०२३ च्या मे अखेरीस पुरा झाला. प्रत्येक बोगदा सुमारे २.०७ किलोमीटर लांबीचा, आतून ११ मीटर रुंद, आणि काही ठिकाणी भूपृष्ठाखाली सत्तर मीटर खोल आहे. दोहोंचा मिळून हिशेब केला तर चार लाख ऐंशी हजार घनमीटरांच्या आसपास भुई पोखरून काढावी लागली. या यंत्राची रीतही समजून घेण्यासारखी आहे. पुढील चक्र खडक चिरडते. चक्रामागच्या कोठडीत मातीचा पातळ रबडा दाबाने भरलेला असतो, तो समोरच्या भुईस पाण्यासकट रेटून धरतो आणि चुरा आपल्याबरोबर नळातून बाहेर वाहून नेतो. मागे सिमेंट-काँक्रीटच्या तुकड्यांचे एकेक कडे बसविले जाते; कडे आणि खडक यांमध्ये जी वीतभर फट राहते ती मसाल्याने भरून काढतात. ती फट वेळेवर भरली नाही, किंवा समोरचा दाब क्षणभर ढळला, तर वरची भुई तेवढी खाली बसते, आणि तिच्यावरचे घरही.

या यंत्रास ‘मावळा’ असे नाव देण्यात आले होते. नाव ठेवणाराच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु मावळ्याचा गुण कोणता होता, याचे विस्मरण झालेले दिसते. मावळ्याजवळ तोफा थोड्या होत्या, घोडी त्याहून थोडी होती. त्याजपाशी होते ते भुईचे ज्ञान. कोणत्या खिंडीत वाट निघते, कोणत्या कड्यास दोर लागतो, कोणता ओढा पावसात पार होत नाही, हे त्यास ठाऊक होते, आणि त्या ज्ञानावरच मोठमोठ्या फौजा त्याने जेरीस आणल्या. यंत्रास मावळ्याचे नाव द्यावयाचे आणि भुईच्या माहितीस मात्र सरकारी दप्तराची वाट दाखवावयाची, यात मावळ्याचा गौरव कोठे राहिला?

यावर यंत्राचे अभिमानी म्हणतील की, आजची यंत्रे कोणत्याही भुईस पुरून उरतात. भुईचे कौतुक आता कशाला? या समजुतीला दोनशे वर्षांचा इतिहास उत्तर देतो. लंडनच्या थेम्स नदीखाली १८२५ मध्ये मार्क ब्रुनेल याने पहिला बोगदा आरंभिला तेव्हा त्याच्याजवळही त्या काळचे सर्वांत नवे साधन होते. मजुरांना आडोसा देणारी लोखंडी ढाल त्यानेच शोधून काढली होती, आणि आजची सारी यंत्रे तिचीच संतती आहेत. नदीखाली सलग चिकणमाती मिळेल, असे त्यास सांगण्यात आले होते. मिळाली वाळू, खडी आणि नदीच्या तळातली भोके. १८२७ व १८२८ मध्ये नदी आत शिरली, माणसे बुडाली, आणि काम पुरे होण्यास १८४३ साल उजाडले. ढाल खोटी नव्हती. भुईविषयीचे ज्ञान अपुरे होते.

दूरचा आणि अलीकडचा दुसरा दाखला अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचा आहे. तेथे समुद्रकाठच्या जुन्या उड्डाणरस्त्याऐवजी शहराखालून दुमजली महामार्ग नेण्याचे ठरले आणि साडेसतरा मीटर व्यासाचे, त्या वेळी जगात सर्वांत मोठे म्हणून गाजलेले यंत्र २०१३ मध्ये कामास लागले. बोगद्याचा एक दशांश भाग झाला असेल-नसेल, तोच डिसेंबरात यंत्र एका पोलादी नळीस अडखळले आणि थांबले. ही नळी कोणी खोडसाळपणे पुरली नव्हती; भूजलाच्या तपासणीसाठी २००२ मध्ये सरकारी खात्यानेच ती उतरविली होती! यंत्राचे डोके बाहेर काढून दुरुस्त करण्याकरिता सुमारे एकशेवीस फूट खोल विहीर खणावी लागली, दोन वर्षे गेली, आणि २०१५ अखेर उघडावयाचा बोगदा २०१९ च्या फेब्रुवारीत उघडला. पुढे ठेकेदार म्हणाले, नळीने घात केला. सरकार म्हणाले, यंत्रच कमजोर होते आणि नळीचा उल्लेख आमच्या कागदांत होता. खटला पंचांपुढे गेला आणि २०१९ च्या डिसेंबरात निकाल सरकारच्या बाजूने लागून ठेकेदारांवर पाच कोटी सत्तर लाख डॉलरांहून अधिक भरपाई बसली. या कथेतील यंत्राची फजिती सर्वांस आठवते. आम्हांस त्यातील दुसरी गोष्ट मोलाची वाटते. भुईविषयी कोणास काय ठाऊक होते, हे कागदावर होते; म्हणून चूक कोणाची याचा निवाडा उघड न्यायासनापुढे होऊ शकला. जेथे कागदच लोकांपुढे नाहीत तेथे निवाडा कशाचा करावयाचा?

परदेशाचे दाखले ज्यांना रुचत नाहीत त्यांनी कलकत्त्याच्या बहूबाजाराकडे पाहावे. २०१९ च्या ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी मेट्रोचे बोगदा-यंत्र तेथे भूजलाच्या साठ्यास भिडले. पाणी व चिखल आत घुसू लागला आणि वरची भुई बसली. जुनी घरे तडकली, काही कोसळली. शेकडो माणसे अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर काढावी लागली. इतक्यावर भागले नाही; २०२२ मध्ये त्याच वस्तीत दोनदा पुन्हा तडे गेले. त्या घरांतील माणसांना बोगद्याचा व्यास ठाऊक होता, मार्ग ठाऊक होता, कोणत्या साली गाडी धावणार ते ठाऊक होते. आपल्या पायांखाली पाणी आहे, एवढे मात्र कोणी सांगितले नव्हते.

आणि भुईचा दगा प्रथम ज्याच्या अंगावर येतो तो वर राहणारा नसून आत राबणारा असतो. उत्तराखंडातील सिलक्यारा येथे रस्त्याच्या बोगद्याचा भाग २०२३ च्या १२ नोव्हेंबरास, ऐन दिवाळीत, ढासळला आणि ४१ मजूर सतरा दिवस आत अडकले. त्या बोगद्यास सुटकेची वाट असावी, असे मंजुरीच्या वेळी ठरले होते. अपघाताच्या दिवशी ती वाट तेथे नव्हती. त्यांना सोडविण्यास परदेशी बनावटीचे मोठे यंत्र आणले ते अखेरच्या टप्प्यात मोडून पडले. शेवटचे काही मीटर उंदराच्या बिळासारखी वाट हातांनी उकरणाऱ्या खाणमजुरांनीच काढले. मनुष्याने भुईवर केलेल्या उर्मटपणाचे प्रायश्चित्त त्या दिवशी हातकुदळीने घेतले, असेच म्हटले पाहिजे. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस परमुलखी जातात. परक्या ठिकाणी धोक्याचे काम करणाराचा जीव हिशेबात किती स्वस्त धरला जातो, हे आम्हांस कोणी पुस्तकातून शिकविण्याची जरुरी नाही.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा की, खडकाचे अहवाल हा तज्ज्ञांचा विषय आहे. सामान्य माणसास ते समजावयाचे नाहीत. हा आक्षेप आम्ही फार ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी तो न समजणाऱ्यांच्या बाजूने न येता न सांगणाऱ्यांच्या बाजूने आला आहे. निविदेच्या कागदांत भू-तपासणीचे अहवाल असतात, हे आम्ही जाणतो. परंतु ते निविदा भरणारासाठी असतात, त्याच्या भाषेत असतात, त्याच्या सोयीने मिळतात. ज्या चाळीखालून बोगदा जावयाचा त्या चाळीच्या जिन्याशी, मराठीत, ‘तुमच्या घराखाली वीस मीटरांवर भराव, तीस मीटरांवर शेल आणि त्याखाली बेसाल्ट आहे’ असा एक साधा तक्ता लावण्यास कोणते पांडित्य आड येते? आणि हे अशक्य म्हणावे तर याच राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण-विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि तालुकावार निष्कर्ष प्रसिद्ध करते. धारूरच्या शेतकऱ्याच्या पायांखाली काय आहे ते सरकार मोजून सांगू शकते. गिरगावच्या चाळकऱ्याच्या पायांखाली काय आहे ते सांगताना मात्र त्याच सरकारची वाचा बसते काय?

दुसरा आक्षेप असा की, अशा माहितीने लोकांत घबराट पसरेल. अनुभव उलट आहे. २०२४ च्या मे महिन्यात, सागरी किनारा रस्ता खुला होऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोच बोगद्याच्या सांध्यांतून पाणी पाझरू लागले. मुख्यमंत्र्यांना जाऊन पाहणी करावी लागली. धोका नाही असे सांगण्यात आले आणि सांधे भरून घेण्यात आले. धोका नव्हता हे आम्ही मानतो. खडकातल्या बोगद्यात थोडेबहुत पाणी पाझरणे ही नवलाची गोष्ट नाही. मग घबराट कशाने झाली? पाण्याने नव्हे. इतके पाणी अपेक्षित आहे, ते अमुक मार्गाने काढले जाईल, याच्या पलीकडे गेले तर आम्ही अमुक करू, हे आधी कोणी सांगितले नाही, त्याने झाली. ज्यास आधी सांगितलेले असते तो ओल पाहून पंप शोधतो. ज्यास सांगितलेले नसते तो ओल पाहून पळत सुटतो.

तिसरा आक्षेप वरकरणी फार बळकट दिसतो. तो असा की, सरकारने ठोक रकमेचा करार केला आहे; आराखडा व बांधकाम ठेकेदाराचे, भुईचा धोकाही ठेकेदाराचा; मग लोकांनी काळजी का करावी? वाचकहो, कोरड्या बोअरीचे जे आम्ही वर सांगितले ते येथे आठवा. जो धोका मोजता येत नाही तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधला म्हणजे नाहीसा होत नाही. शहाणा ठेकेदार त्याची किंमत आधीच चढवून ठेवतो, आणि ती अखेर आपणच देतो. उतावळा ठेकेदार कमी रकमेत काम घेतो, भुई वाकडी निघाली म्हणजे खर्च कशात वाचेल ते पाहतो, किंवा काम अडवून भांडत बसतो. आणि भांडणाचा खर्चही अखेर आपणच देतो. ही गोष्ट जगातल्या जाणत्या इंजिनिअरांस फार पूर्वी कळून चुकली आहे. सल्लागार अभियंत्यांची फिडिक ही आंतरराष्ट्रीय संघटना आणि आंतरराष्ट्रीय भुयार-संघटना यांनी मिळून २०१९ मध्ये खास जमिनीखालच्या कामांसाठी एक नमुना-करार तयार केला. त्याचे तत्त्व असे : भुई कशी असेल याचे गृहीत आधी लिहून ठेवावयाचे, प्रत्यक्षात भुई त्या गृहीताप्रमाणे निघाली तर खणण्याची जबाबदारी ठेकेदाराची, आणि त्याहून वाईट निघाली तर वाढीव वेळ व पैसा मालकाचा. म्हणजे मुरमाचा दर निराळा आणि पाषाणाचा निराळा, भुई ज्याची धोका त्याचा! जे तेलगावच्या विहिरीवर अक्षरशून्य माणसे तोंडी ठरवीत आली, ते विद्वानांनी सुंदर वेष्टनात छापले. छापले ते उत्तमच झाले. आता आमच्या राज्याने ते वाचावे, एवढीच प्रार्थना.

चौथा आक्षेप उशिराचा. एवढी तपासणी करीत बसलो तर बोगदे कधी होणार? याचे उत्तर गणितानेच द्यावे. समजा, साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यावर दर पन्नास मीटरांस एक तपासणी-छिद्र घेतले, तर एकशेतीस छिद्रे होतात. प्रत्येक छिद्र तळहाताएवढे. आणि बोगद्याचे तोंड शंभर चौरस मीटरांहून मोठे. एवढ्या शिडकाव्यानेही भुईचा फार थोडा अंश दिसतो. त्यातही काटकसर करून वाचविलेले महिने पुढे बंद पडलेल्या यंत्राच्या वर्षांनी फेडावे लागतात, हे सिअ‍ॅटलने दाखविले आहे. आणि तारखेच्या हव्यासाने काय होते ते मुंबईनेही पाहिले. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे वरळीचे आचार्य अत्रे चौक स्थानक २०२५ च्या १० मे रोजी उघडण्यात आले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस पहिल्याच मोठ्या पावसात ते पाण्याने भरले, कारण एका प्रवेशद्वाराचे काम अपुरे होते आणि त्यावरील तात्पुरती भिंत कोसळली. मुंबईत जूनच्या तोंडाशी पाऊस येतो, ही बातमी कोणास नवी होती? पंचांगास ठाऊक होते, कोळ्यांना ठाऊक होते. केवळ उद्घाटनाच्या पत्रिकेस ठाऊक नव्हते.

हा वाद आज तातडीचा का, हे सांगून लेख आटोपता घेऊ. मलबार टेकडीवर बंगले आहेत, बागा आहेत, आणि बोगदा फार खोल आहे. ऑरेंज गेटकडून निघालेला बोगदा मात्र सरदार वल्लभभाई पटेल मार्गाच्या बाजूने, जुन्या मुंबईच्या दाट वस्तीखालून जातो. त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. त्यास मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंच्या रुळांखालून आणि मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेच्याही खालून वाट काढावयाची आहे. वर शंभरी गाठलेल्या, लाकडी तुळयांच्या, पावसाळ्यात आधीच धास्ती घालणाऱ्या इमारती आहेत. त्यांत राहणारांपैकी पुष्कळांजवळ मोटार नाही. सागरी किनारा रस्त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. बोगद्यातून जाण्याचे सुख एकाचे आणि बोगद्यावर झोपण्याचा धोका दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होऊ पाहते. मोटारींसाठी रस्ते वाढविणे इष्ट की अनिष्ट, हा मोठा वाद आम्ही आज बाजूस ठेवतो. बोगदा होवो, यंत्र सुखरूप पार पडो, अशीच आमची इच्छा आहे. परंतु ज्याच्या घराखालून ते जाते त्याचे देणे आधी चुकते करा.

ते देणे फार मोठे नाही. तपासणी-छिद्रांतून निघालेल्या खडकाचे तक्ते आणि भुईविषयीचे गृहीत त्या त्या विभागात मराठीत उघडे ठेवावे. वरच्या इमारतींना कामापूर्वी कोणते तडे होते त्यांची रहिवाशांच्या समक्ष नोंद करून तिची नक्कल त्यांना द्यावी. भुई किती बसली, तडा किती रुंदावला, हे दाखविणारी उपकरणे बसवितातच. त्यांचे आकडे दर आठवड्यास चाळीच्या फळ्यावर लागावेत, आणि कोणत्या आकड्याला यंत्र थांबेल व कोणत्या आकड्याला घर रिकामे करविले जाईल, हे आधीच जाहीर असावे. ठेकेदार व सरकार या दोहोंच्याही पगारावर नसलेले तज्ज्ञ नेमून त्यांचे अभिप्राय विधिमंडळापुढे ठेवावे. पुढील बोगद्यांचे करार भुईचा धोका मालकाने उघड पत्करून व्हावेत. आणि या सर्वांच्या शेवटी, सुरुवातीस नव्हे, उद्घाटनाची तारीख सांगावी.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही, परदेशचे कर्ज लागत नाही. लागते ती लोकांस आपल्याच भुईचे मालक मानण्याची तयारी. ती ज्या सरकारजवळ असेल त्याने खुशाल बोगदे खणावेत, आम्ही त्याचे अभिनंदन करू. ती ज्याजवळ नसेल त्याने आधी आपल्या दप्तराचे दार उघडावे, डोंगराचे मागाहून.